चाकं कुठे बसवायची

चिंतू तांडेल यांनी आयुष्यात एकही होडी कागदावर काढली नाही. वाळूवर काठीने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर लाकूड मांडायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या हातच्या होड्या अजून नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात जातात. नवी होडी मात्र आता कोणी लाकडाची बांधत नाही, फायबरची आणतात. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात ते खडूचा डबा घेऊन माझ्या फाटकात उभे राहिले, तेव्हा मला नवल वाटलं.

“बाय, तुमचं आंगन पायजे. शिमिटाचं हाय, रेघ टिकल.”

“कसली रेघ, चिंतूभाऊ?”

“नवसीचं घर काढायचं हाय. चाकावरचं.”

नवसी त्यांची बायको. आम्ही बोईसरला वीज प्रकल्पाच्या कॉलनीत राहत होतो तेव्हापासून मी तिला ओळखते. हातगाडीवर मासळी घालून ती सालवडपासून आमच्या कॉलनीपर्यंत यायची आणि आधी भाव, मग बातम्या, मग मासळी अशा क्रमाने द्यायची. यजमान गेल्यावर मी नवापूरच्या घरी राहायला आले आणि आम्ही शेजारणी झालो. दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या ओल्या पायऱ्यांवरून नवसी पडली. कण्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती थोडा वेळ बसू शकते, धरून चार पावलं चालू शकते, मग तिला कडक फळीवर आडवं व्हावंच लागतं.

तिची मुलगी तेजल नाशिकला असते. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण डॉक्टरांनी तेजलला प्रवासाची सक्त मनाई केली होती. फोनवर ती एकच म्हणायची, “आई, तू ये.” आणि आईला बसून नाशिक गाठणं शक्य नव्हतं. गाठलं असतं तरी तेजलचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रुग्णवाहिकेचं नाव काढलं की नवसी भिंतीकडे तोंड करायची. तिचा थोरला मुलगा बळवंत रुग्णवाहिकेतून गेला होता, तो परत आला नाही.

मार्ग सुचवला विपुलने. विपुल हा चिंतूभाऊंचा पुतण्या, बोईसरच्या एका कारखान्यात लोखंडी सांगाडे जोडतो. त्याने मोबाईलवर एका छोट्या गाडीचं चित्र दाखवलं. जीपच्या मागे जोडायची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची, पुढे गोल आणि मागे निमुळती. आत फक्त एक बिछाना. मागचं झाकण उचललं की चूल आणि भांडी. वाटेत नवसीची कंबर बोलायला लागली की थांबायचं, तिला आत फळीवर झोपवायचं, मग पुन्हा निघायचं. नाशिकला ती गाडी तेजलच्या इमारतीखाली उभी राहील आणि तेजल बाळाला घेऊन खाली येईल.

“म्हंजे माझं घर रस्त्यावर,” नवसी म्हणाली. पण तिने नाही म्हटलं नाही.

माझ्या अंगणात रेघा सुरू झाल्या. नवसीला व्हरांड्यात फळीवर झोपवलेलं असायचं आणि ती तिथून सूचना द्यायची. लांबीवर वाद झाला नाही. प्लायवूड आठ फुटांचं येतं, गाडी आठ फुटांची. रुंदीवर मात्र ठिणगी पडली.

“चार फूट,” चिंतूभाऊ म्हणाले. “प्लाय चार फुटाचं येतं.”

“पाच करा.”

“पाच कशाला? नाचायचं हाय?”

“तुमी घोरता तवा हात-पाय किती पसरता ते मला म्हाईत हाय.”

“देवळाजवळचं वळन बघितलंस का? पाच फुटाची गाडी तिथं अडकली की मंग ऱ्हा तिथंच, पुजाऱ्याच्या दारात.”

चार फूट ठरले. नवसी पुटपुटली, “पस्तावाल.”

उंचीसाठी चिंतूभाऊंनी तिला फळीच्या काठावर बसवून तिच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत दोरी धरली. बिछाना बरोबर तेवढ्या उंचीवर हवा; म्हणजे ती टेकेल, मग पाय उचलून आत घेता येतील. त्यासाठी चाकं खाली न ठेवता दोन्ही अंगांना बाहेर काढायची ठरली. छताची कमान त्यांनी बांबूची ओली, पातळ चिवाटी वाकवून, खिळ्यांच्या आधाराने अंगणावर उतरवली. ती रेघ इतकी सुंदर आली की मी दोन दिवस अंगण झाडलं नाही.

राहिली चाकं. लांबीत ती कुठे बसवायची, हा शेवटचा प्रश्न.

विपुल म्हणाला, “काका, थोडी मागं घेऊ. मोबाईलवर तसंच दिसतं.”

“मोबाईलवाल्यानं किती होड्या पान्यात सोडल्या?” चिंतूभाऊंनी खडूची फुली मध्याच्या थोडी पुढे मारली. “नाक वर पायजे. बूड जड, नाक हलकं. नाक दाबलेली होडी लाट खाते.” पाण्याचे कॅन, शेगडी, सिलिंडर, नवसीची शौचाची खुर्ची, सगळं त्यांनी शेपटीकडे मांडलं.

व्हरांड्यातून नवसीने जीपला जोडायच्या दांडीच्या रेघेकडे बोट करून विचारलं, “दांडी हातात कशी लागंल?”

“तू झोप गं.”

  त्यांच्या धंद्यात मी काय बोलणार, असं मला वाटलं.

विपुलने लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा जोडून आणला, चिंतूभाऊंनी वर लाकूड चढवलं. कागदपत्रांसाठी विपुल पालघरला फेऱ्या मारत होता. तेजलची तारीख डिसेंबरच्या मध्यावर होती, पण तिचा रक्तदाब वर-खाली होत होता आणि रोज संध्याकाळी तिचा फोन आला की चिंतूभाऊंच्या हातातला रंधा थांबायचा. गाडी उभी राहिली त्या दिवशी सामान भरून त्यांनी पुढची दांडी, जी जीपला जोडायची, एका बोटाने उचलून दाखवली. आजूबाजूचे लोक वाहवा म्हणाले. नवसी तेव्हा घरात झोपली होती.

२४ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, चाचणी घ्यायची ठरली. कारखान्यांच्या बसगाड्या रविवारी कमी असतात. विपुल आपली जीप चालवणार होता. मागची गाडी आरशात धड दिसत नव्हती, म्हणून मी मागच्या सीटवर उलटी बसून तिच्यावर नजर ठेवायची. मी बसले तर चिंतूभाऊ त्या गाडीचं दार उघडून आत शिरताना दिसले.

“हे काय? चालत्या गाडीत आत माणूस बसवत नाहीत.”

“बाय, होडी पैल्या पान्यात उतरते तवा बांधनारा आत असतो. माझा बाप असाच बसायचा. मागच्या फळीवर.”

“ही होडी नाही.”

“आत माझी बायको झोपनार हाय. ती जिथं पाठ टेकनार तिथं आधी माझी टेकू दे.”

विपुलने माझ्याकडे पाहिलं.  चिंतूभाऊ अगदी मागे, पाण्याच्या कॅनना पाठ लावून बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

देवळाजवळचं वळण सुखरूप गेलं. पुढे रस्ता सरळ होतो, दोन्ही बाजूंना खाजण, भरतीचं पाणी चकाकत होतं. विपुलने वेग वाढवला. आधी मला वाटलं, रस्त्याचाच हेलकावा असेल. गाडी जराशी डावीकडे गेली, परत आली, उजवीकडे गेली. मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा व्हायला लागला. दांडी वर उचलली जात होती आणि जीपची मागची बाजू तिच्याबरोबर ओढली जात होती.

“विपुल, डोलतेय!”

“कळतंय, काकू!”

त्याने ब्रेक दाबला. त्याबरोबर ती गाडी आडवीच आली. क्षणभर मला तिचं पूर्ण अंग दिसलं, खिडकी, चाक, आणि त्या खिडकीला टेकलेला एक तळहात. विपुलने पाय काढला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी नुसतं धरून ठेवलं. वेग आपोआप उतरत गेला. गाडीचं एक चाक रस्ता सोडून चिखलात गेलं, ती खाजणाकडे कलली आणि तशीच थांबली.

आतून आवाज नाही.

विपुल धावला. दार कलल्यामुळे चौकटीत अडकलं होतं. तो ओढत होता, मी “चिंतूभाऊ, चिंतूभाऊ” म्हणत फळीवर थापा मारत होते. खाली पाणी चाकाच्या आसाला लागलं होतं. शेवटी त्याने पाय रोवून हिसका दिला आणि दार सुटलं. शेगडी, भांडी, कॅन यांच्या ढिगाऱ्यातून चिंतूभाऊंचं रक्ताळलेलं कपाळ वर आलं.

“मी हाय,” ते म्हणाले. “बाहेर कोन कोन हाय?”

कपाळाला टाके पडले, मनगट सुजलं. पण खरा मार वेगळा होता. घरी आल्यावर ते नवसीच्या फळीशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, “तुला आत घातली असती तर.” एवढंच. मग विपुलला म्हणाले, “उद्या लोखंड परत ने. लाकूड मी फोडतो.”

नवसी छताकडे बघत होती. “फोडा. आनि तेजलला काय सांगू? आय येत नाय, कारन बापाचं नाक वर हाय?”



“मी इचारलं होतं,” ती पुढे म्हणाली. “दांडी हातात कशी लागते?”

“हलकी. एका बोटानं उचलली.”

“हलकी चांगली, हे कुनी सांगितलं? इतकी वर्सं हातगाडी मी वढली का तुमी? बर्फाची पेटी मागं सरकली का दांडी हनवटीला लागायची आनि गाडी सापासारखी. पेटी हाताकडं घेतली का दांडी जड, पन गाडी मागून गपचूप यायची. होडीला पानी उचलतं. याला कोन उचलनार, रस्ता?”

चिंतूभाऊ टाक्यांवरून बोट फिरवत होते. मग उठले आणि खडूचा डबा घेऊन माझ्या अंगणात गेले. जुनी फुली त्यांनी पायाने पुसली आणि चांगली हातभर मागे नवी मारली. पाणी आणि खुर्ची पुढे, बिछान्याच्या डोक्याशी. शेपटीत फक्त शेगडी. विपुलने सांगाड्यावरचे जोड कापले आणि चाकं नव्या जागी जोडायला घेतली.

ते जोड पूर्ण झाले त्याच दुपारी तेजलच्या नवऱ्याचा, भाग्येशचा फोन आला. तिला दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, उद्या सकाळी ऑपरेशन.

“निघू,” नवसी म्हणाली.

“बघितल्याबिगर नाय,” चिंतूभाऊ म्हणाले. “पुढं जव्हारचा घाट हाय. त्या दिवशी खाजन होतं, तिथं दरी असंल.”

“मंग बघा. लवकर बघा.”

सामान भरलं. नवसी दोघांच्या आधाराने दांडीपाशी आली आणि मला म्हणाली, “बाय, उचला जरा.”

“मी?”

“मला उचलता येत असतं तर तुमाला सांगितलं असतं?”

मी दोन्ही हातांनी जोर लावला. दांडी जमिनीपासून हलली नाही.

“नाय उचलत? बरी हाय,” ती म्हणाली.

जीप निघताना चिंतूभाऊ सवयीने गाडीच्या दाराकडे गेले. दारावर हात ठेवून थांबले. मग घरातून आपला वाकस आणला, ज्या वाकसाने त्यांनी इतक्या होड्या तासल्या होत्या तो, आणि आत पुढच्या बाजूला फडक्यात गुंडाळून ठेवला. “माझ्या बदली,” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी पुन्हा उलटी बसले. देवळाचं वळण. मग सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना तेच पाणी. विपुलच्या मानेवर घाम होता. त्या दिवशीचा वेग आला. गाडीचं गोल नाक माझ्यासमोर होतं आणि मी श्वास धरून त्याच्या कडेला बघत होते. रस्त्यावरच्या एका खळग्यात ती उसळली आणि डावीकडे झुकली. मी सीट घट्ट धरली. ती परत जागेवर आली आणि तिथेच राहिली.

“काकू, बोला ना!”

“काही नाही,” मी म्हटलं. “काही होत नाहीये, विपुल.”

परत आलो तेव्हा चिंतूभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्यांनी वाकून चाकं पाहिली, दांडी पाहिली, मग नवसीला उचलून जीपमध्ये बसवलं. चारच्या सुमारास ते निघाले. मनोरला थांबून ती पहिल्यांदा फळीवर झोपली, जव्हारला दुसऱ्यांदा. घाट पार होईपर्यंत विपुलने मला एकही फोन करू नये असं मीच सांगितलं होतं, आणि त्याचा फोन येईपर्यंत मी मोबाईल हातात घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवसीचा आवाज आला. मुलगी झाली. दोघी बऱ्या.

आठवड्याने तिने स्वतः फोन लावला. तेजल घरी आली होती. पण टाके ओले असताना तिला तीन मजले चढू द्यायला नवसी तयार नव्हती. त्यामुळे बाळंतीण, बाळ आणि आजी तिघी इमारतीखालच्या गाडीतच होत्या. वरून भाग्येश डबा आणून देत होता.

“आणि चिंतूभाऊ?”

“ते जीपमधी झोपतात, पाय खिडकीबाहेर काढून. त्यांना सांगा बाय, तुमच्या तोंडून सांगा, माझं ऐकत नाय. चार फूट कमी पडले.”

मागून चिंतूभाऊंचा आवाज आला, “देवळाजवळचं वळन तुझा बाप काढनार होता का?”

मग बाळ रडायला लागलं आणि तिने फोन ठेवून दिला.