कुंकू लावून दिलेली मोटरसायकल

आमची फसवणूक झाली, हे आधीच साफ लिहिते. चोरीची मोटरसायकल आम्हाला विकली गेली. विकणाऱ्याने तोंडावर हसत विकली आणि आम्ही त्याच्या घरचा चहा पिऊन ती घेऊन आलो. "ताई, तुम्ही लोकांना पत्रकं वाटता, कायदे सांगता, आणि तुम्हीच कशा फसलात?" असं मला कितीतरी जणांनी विचारलं. विचारताना बहुतेक जण हसत होते. त्यांना मी एकच सांगते. गुन्हा फसवणाऱ्याने केलाय, त्याच्याकडे बघून हसा की. त्याच्याकडे बघून हसायची कुणाची छाती नसते.

गाडी गेल्याचं रडणं माझं रडून झालंय. त्या गाडीपायी माझ्या वडिलांचं जे गेलं, त्याचं रडणं मात्र अजून बाकी आहे.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या बाजूला आमचं गाव. नानांचं शिक्षण जेमतेम, जमीन बेताची, पण बैल पारखावा तर नानांनी, हे आजूबाजूच्या गावांत सगळे मानायचे. कुणाला बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचा असला की आदल्या दिवशी माणूस आमच्या ओट्यावर यायचा. "नाना, उद्या चला राव. तुमी नुसतं उभं ऱ्हावा." नाना बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे, वशिंडावर तळहात ठेवून डोळे मिटायचे, मग त्याला चार पावलं चालवायला सांगायचे. त्या चार पावलांत त्यांना सगळं कळायचं. एक पैसा घ्यायचे नाहीत. जिलेबीचा पुडा तेवढा आणायचे, तोही आम्हा पोरांसाठी.

आमची स्वतःची शेवटची जोडी त्यांनी गेल्या साली विकली. नांगरट ट्रॅक्टरने होते, दावणीला नुसतं खायला कोण घालणार? बैल निघाले त्या दिवशी आईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला. कासरा दुसऱ्याच्या हातात गेला तशी ती घरात पळाली. नाना बैल वळणाआड होईपर्यंत रस्त्यात उभे होते. नंतर कितीतरी दिवस ते रिकाम्या गोठ्यात जाऊन उगाच झाडलोट करायचे.

त्याच पैशातून माझ्यासाठी गाडी घ्यायचं त्यांच्या मनात आलं. मी डोंगरातल्या गावांत वनहक्काच्या दाव्यांचं काम करते. संघटनेची पत्रकं लिहिते, वाटते, बैठका घेते. इकडून पार घाटघरपर्यंत फिरावं लागतं आणि एसटीचा भरवसा नाही. बैठक रंगात आली की कुणीतरी म्हणायचं, "ताई, उठा, तुमची गाडी जाईल." अर्धं बोलणं तसंच टाकून मी पळायचे.

"पोरीला मोटरसायकल घेऊ," नाना म्हणाले.

"पोरीला?" आई म्हणाली. "लोकं काय म्हणत्याल?"

"लोकं म्हणत्याल गाडी बरी हाय."

मोबाईलवर एक जाहिरात सापडली. नारायणगावच्या बाहेर, भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती, त्यातल्या एका खोलीत विकणारा राहत होता. तरुण, स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. कंपनीने कामावरून कमी केलंय, बायकोला घेऊन गावी परत जायचंय, म्हणून गाडी काढतोय, असं त्याने सांगितलं. बायको आत स्टोव्हपाशी होती. माझ्याच वयाची असेल.

नानांनी गाडी बघितली ती बैलासारखीच. भोवती एक फेरी मारली, सीट दाबून बघितलं, टाकीवर तळहात ठेवला. मग त्याला विचारलं, "हिला खोड काय हाय?"

तो हसला. "खोड एकच, काका. थंडीत पहिल्या किकला उठत नाही. दोनदा विनवावं लागतं."

नाना खूश झाले. बाजारात स्वतःच्या बैलाची खोड स्वतःहून सांगणारा माणूस त्यांना आयुष्यात फार थोडा भेटला होता.

मी कागद मागितले. हे मुद्दाम लिहितेय, कारण लोकांना वाटतं मी मागितलेच नाहीत. त्याने आरसीची झेरॉक्स दाखवली, नंबर प्लेटशी जुळत होता. मूळ कागद कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आहेत, हप्ते फिटलेत, पंधरवड्यात हातात येतील, म्हणाला. मी म्हणाले, "मग पंधरवड्याने पैसे." त्याने माझ्याशी वाद घातला नाही. नानांकडे बघून म्हणाला, "काका, ताईंचा विश्वास नाही आपल्यावर. बरोबर आहे त्यांचं. पण चहा तरी घ्या."

चहा आला. नाना शरमले होते. दुसऱ्याच्या उंबऱ्यात बसून त्याच्यावर संशय घेतला, हे त्यांना लागलं होतं. ती शरम झाकायला ते बोलत सुटले, आणि बोलता बोलता आमच्या बैलांवर आले. आमच्यात जनावर घरातून जाताना बाई कशी पायांवर पाणी घालते, कसं कुंकू लावते, कसा घास भरवते, सगळं सांगितलं. "ज्या घरनं असं देत्यात त्या घरचं जनावर घ्यावं," म्हणाले. "त्यात खोट नसती." ती बाई आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

आम्ही उठलो. नाना माझ्याकडे बघत होते, मी मान हलवून नाही म्हणत होते. एवढ्यात ती ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत हळद-कुंकू आणि फुलपात्रात पाणी. तिने पुढच्या चाकावर पाणी घातलं. हेडलाइटच्या वर हळद-कुंकवाची बोटं ओढली. आणि रडली. डोळ्याला पदर लावून, आवाज न करता.

"सांभाळा हिला," एवढंच म्हणाली.

नानांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. माझी नकाराची मान थांबली. तिथे कुणी काय बोललं असतं?

त्यानंतरचे दिवस फार चांगले होते. मी बैठका पुऱ्या करून परतायला लागले. पहिल्यांदा नाना मागे बसले ते लेण्याद्रीला जायला. गाडी देवाला दाखवायची होती. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवेनात, म्हणून खालीच नारळ फोडला. तिथला ओळखीचा चहावाला म्हणाला, "नाना, ताईनं कुठं पाडलंबिडलं न्हाई ना?" नाना म्हणाले, "बैल बुजतो. ही बुजत नाय." येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर ठेवायचे तसा. हेडलाइटवरचं कुंकू त्यांनी मला पुसू दिलं नाही.

पंधरवडा झाला, कागद आले नाहीत. विकणाऱ्याचा फोन बंद. मी घोडेगावात तहसील कचेरीजवळ बसणाऱ्या एजंटाकडे गेले. त्याने नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, या नंबरची स्कूटर आहे. पांढरी."

मग तो खाली वाकला, हँडलखालचा चासी नंबर बघितला. तिथे नंबर नव्हताच. घासलेलं पत्र्याचं अंग होतं, वरून काळा रंग मारलेला. म्हणाला, "आता हिच्यावर बसून घरी जाऊ नका. सरळ ठाण्यात जा."

मी गाडी ढकलत ठाण्यात नेली. इंजिनवरून खऱ्या मालकाचा पत्ता लागला. दूधवाला होता, लांबच्या तालुक्यातला. पुढे कोर्टातून गाडी सोडवून न्यायला तो आला, तेव्हा त्याने हेडलाइटवरचे पिवळे-लाल ओघळ बघून विचारलं, "हे काय?" आणि अंगठ्याला थुंकी लावून पुसून टाकलं. त्याला मी काय म्हणणार? गाडी त्याची होती.

पत्रक कसं लिहायचं हे आम्हाला शिकवलंय. आधी काय घडलं ते, मग जबाबदार कोण, शेवटी मागणी. मी त्याच आठवड्यात लिहायला बसले. "जुनी गाडी घेणाऱ्या बंधू-भगिनींनो, सावधान!" नानांनी मागून विचारलं, "त्या बाईचं लिव्हणार का?"

"लिहिणारच. ढोंगी बाई. तुम्ही सांगितलेलं ऐकून तिने तुमच्यावरच चालवलं."

नाना माझ्या कागदावर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "कुकवाचं मी सांगितलं. पाण्याचं बी मीच सांगितलं. रडायचं मी नव्हतं सांगितलं."

ते पत्रक अजून अर्धंच आहे.

काही महिन्यांनी ठाण्यातून बोलावणं आलं. तो पुरुष पळाला होता. बाई सापडली होती, मंचरच्या बाजूला एका खोलीत, एकटी. दोघांनी त्याच रीतीने आणखी गाड्या विकल्या होत्या. आमच्याबरोबर आमच्या शेजारचा गडी होता, ज्याचे दोन्ही बैल नानांनीच बघून दिलेले.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. वाळली होती. हातात बांगड्या नव्हत्या. ओळखायला मला क्षणही लागला नाही.

हवालदाराने नानांना विचारलं, "बाबा, हीच का?"

नाना पुढे गेले. बैलाकडे बघायचे तसे शांत, वरपासून खालपर्यंत बघत राहिले. तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं. तिने ओळखलं. त्यांनीही ओळखलं. मी दोघांचे चेहरे बघत होते, मला कुणी सांगायला नको.

"ही न्हाई," नाना म्हणाले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी गावोगाव सांगत फिरते, की खरं बोला, साहेबापुढे बोला, घाबरू नका. मी म्हणाले, "हीच आहे. आवाजसुद्धा ओळखेन मी."

हवालदाराने एकदा माझ्याकडे, एकदा नानांकडे बघितलं. "काय बाबा? पोरगी म्हणतीय हीच. तुमी म्हणताय न्हाई. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय का?" शेजारचा गडी खुदकन हसला. "सायेब, नानांची नजर म्हंजी लई पक्की. बाजारात विचारा."

नानांपुढे दोनच वाटा होत्या. मला खोटं पाडायचं, नाहीतर त्या बाईला अडकवायचं. त्यांनी तिसरी काढली.

"माझं नका धरू सायेब," ते म्हणाले. "माझी नजर गेलीय. मला आता नीट दिसत नाय."

"चष्मा लावा की राव," हवालदार म्हणाला, आणि माझा जबाब घ्यायला कागद पुढे ओढला.

मी सही केली. आज पुन्हा विचारलं तरी मी तेच सांगेन. तिने फसवलं होतं, माणसं नागवली होती, आणि ती रडली म्हणून ते पुसलं जात नाही. ती स्वतःच्या मनाने रडली की त्याने तिला रडवलं, की ते रडणंही विकायचंच होतं, हे मला आजही ठाऊक नाही. नानांना ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि माझं तिकीटही त्यांनीच काढलं. रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते.

शेजारच्या गड्याने आठवड्यात गावभर केलं. "नानांनी सोताच सांगितलं की, नजर गेली म्हून." कुणी वाईटावर नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको, म्हणून लोक यायचे थांबले. बाजाराच्या आदल्या दिवशी आमचा ओटा रिकामा राहायला लागला. मी नानांना म्हणाले, "सांगा ना लोकांना, तसं काही नाही म्हणून." ते म्हणाले, "ठाण्यात सांगितलंय. आता फिरवू का?" म्हणजे माझा जबाब खोटा पडेल, ती भीती होती त्यांना. माझ्यासाठी.

परवा शेजारचा गडी बेल्ह्याहून नवा बैल घेऊन आला. एकटाच गेला होता, मोबाईलवर फोटो बघून सौदा केलेला. नाना ओट्यावर बसले होते. तो रस्त्यातूनच ओरडला, "नाना, कसा हाय?" मग त्याचं त्यालाच आठवलं आणि ओशाळून म्हणाला, "पांढरा हाय नाना. शिंगं लई सरळ."

"ब्येस, ब्येस," नाना म्हणाले. "नेमका आणला बघ."

बैल पुढे गेला. नानांनी मान वळवली नाही, पण डोळे त्याच्यामागे गेले, चार पावलं, आणखी चार. वळणाआड होईपर्यंत.

"डावा मागचा पाय अधू," ते स्वतःशीच पुटपुटले.

मी दारातून विचारलं, "काय म्हणालात नाना?"

"काय नाय," ते म्हणाले, आणि डोळे चोळत उठून गोठ्याकडे गेले.