भिंगाचा कल

चिंचोळी एमआयडीसीत बापूसाहेबांचा कॅमेऱ्यांचा कारखाना आहे. तिथल्या डिझाइनच्या खोलीत राजनंदिनीचा शब्द शेवटचा असायचा. आई तानाबाई अजून माळावर मेंढरं वळते आणि लेक उजेडाची गणितं मांडते, याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

मग जेऊरचा इंद्रजीत कामाला लागला. तो आगाऊ निघाला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण पोरगं गोड होतं. चहावाली मायाक्कासुद्धा त्याला न मागता अर्धा कप जास्त ओतायची. इतक्या वर्षांत राजनंदिनीला तिनं कधी 'अजून हवा का' असं विचारलंही नव्हतं.

रस्त्यांची पाहणी करणाऱ्या गाडीवरचा एक कॅमेरा उन्हात धूसर दिसू लागला, अशी तक्रार आली. भिंग तापून त्याचा आकार बदलत असणार, असं राजनंदिनीनं ठासून सांगितलं.

"ताई, भिंग हाय तसंच राहतंय," इंद्रजीत म्हणाला. "त्याला धरणारं कडं एका अंगानं जास्त फुगतंय. म्हणून आख्खं भिंग जागचं हलतंय."

त्यानं संगणकावर प्रत्येक भिंग म्हणजे न वाकणारा दगड, असं धरलं. एकेक भिंग आधी सरकवलं, मग कलवलं आणि चित्र कशानं बिघडतं ते पाहिलं. दोष तिसऱ्या भिंगाच्या कलण्यात सापडला. कड्याखाली एका बाजूला पातळ पत्रा घालून ते आधीच उलटं कलतं ठेवायचं, म्हणजे तापल्यावर सरळ होईल, असा उपाय त्यानं काढला.

"याला म्हणतात डोकं!" बापूसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. राजनंदिनीही हसली, पण ओठांपुरतं.

चूक काढायचीच म्हणून ती त्याच्या हिशोबाला बसली. आणि चूक निघाली! उष्णतेचा हिशोब एका प्रोग्राममध्ये होता, उजेडाचा दुसऱ्यात. एकात अधिक चिन्ह म्हणजे डावीकडं कल, दुसऱ्यात उजवीकडं. इंद्रजीतनं आकडे नेताना चिन्ह बदललंच नव्हतं. पत्रा भलत्याच बाजूला जाणार होता. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी कॅमेरा भट्टीत तापवला. चित्र सुधारायच्या ऐवजी पार दुधाळ झालं. बापूसाहेब पाठ फिरवून निघून गेले. इंद्रजीतचा चेहरा उतरला. हेच पाहायला ती थांबली होती, पण पाहताना गोड काही लागेना.

"ताई, जरा बघता का? मला काय सुचंना झालंय."

तिनं सरळ चिन्ह चुकलेल्या ओळीवर बोट ठेवलं. शोधल्याचं नाटकही तिला जमलं नाही.

"इतक्या लवकर?"

"मला कालच दिसलं होतं."

"मग सांगायचं की ताई," एवढंच तो म्हणाला. तो भांडला असता तर तिलाही चार शब्द ऐकवता आले असते.

पत्रा दुसऱ्या बाजूला घातला आणि भट्टीतही चित्र स्वच्छ आलं. इंद्रजीत बापूसाहेबांना ओढून घेऊन आला. "ताईंनी धरली चूक. मी तर तोंडावर पडलो हुतो." तिला ती कालच दिसली होती, याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

बापूसाहेबांनी तिच्याकडं पाहून मान डोलावली. मग इंद्रजीतच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "स्वतःची चूक अशी कबूल करायला लई मोठं मन लागतं गड्या."

म्हणजे चूकही त्याची आणि कौतुकही त्याचंच! राजनंदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता इंद्रजीत कुठलाही हिशोब पुढं पाठवायच्या आधी तिच्या टेबलाशी येतो. ती चिन्हं तपासते, चूक दिसली की तिथल्या तिथं सांगते. काम चोख होतं. असूया मात्र गेलेली नाही. तो खुर्ची ओढून बसला, की दर वेळी तिला आधी गिळावी लागते ती असूया, आणि मगच ती म्हणते, "दाखव बघू."