काढून टाकलेला उंबरा

या सदरातल्या हकिकती मी दुपारी जेवण झाल्यावर लवंडून वाचते, आणि बहुतेक वेळा निम्म्यावरच मला झोप लागते. वडावरचा मुंजा, विहिरीतली हडळ... आमची विहीर मी दोनदा उपसून घेतली आहे. गाळ, तीन कळशा आणि एक वहाण यांखेरीज तीत काही निघाले नाही. तेव्हा खालची हकिकत लिहिताना मला संकोच वाटतो. पण ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, तीही भर दिवसा. म्हणून आहे तशी लिहिते.

चौलहून रेवदंड्याला जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला आमची सुपारीची वाडी आहे, आणि वाडीत घर. घरात मी एकटी. आमचे हे मुंबईस नोकरीला; गणपतीत आणि मे महिन्यात येतात. मूलबाळ नाही.

पूर्वी घरात यांच्या आत्याबाई होत्या. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या आणि पुढची साठ वर्षे माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत राहिल्या. बाहेर परके पुरुष असले की त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येत, त्यापुढे नाही. आमच्या दोघींचे बोलणे कामापुरते. भांडण नव्हते, पण गप्पाही नव्हत्या. एकच गोष्ट त्या हौसेने करीत. घरातल्या प्रत्येक मुलाला चालायला शिकवीत.

माझ्या जावेच्या तिन्ही मुलांना त्यांनी शिकवले ते मी पाहिले आहे. मुलाला बोट द्यायचे, माजघरात चार पावले चालायचे, मग थांबायचे, कारण आत्याबाईंचे गुडघे दुखत. पुन्हा चार पावले. मग खोलीचा उंबरा यायचा. चांगला वीतभर उंच होता. तिथे त्या म्हणायच्या, “उचल पाय... हं, उचल.” मुलाने उंबरा ओलांडला की उंबऱ्यावर गूळखोबरे ठेवायचे आणि त्यातला पहिला तुकडा मुलाच्या तोंडात. ही आमच्या घरची रीत. चालते झालेले मूल मग आईबापांबरोबर मुंबईला जाई, आणि आत्याबाई खोलीत जाऊन वाती वळीत बसत.

त्या वारल्या. दोन वर्षांनी मी घर दुरुस्तीला काढले. यांनी पत्रात एवढेच लिहिले होते, “तुला सोयीचे वाटेल ते कर.” मी केले. छपरावर मंगळुरी कौले आली, शेणाच्या जमिनीऐवजी शहाबादी फरशी आली, आणि माजघर व अंधारी खोली यांमधली कुडाची भिंत पाडून मी एक लांबच लांब उजेडाची खोली करून घेतली. भिंतीबरोबर उंबराही काढायला सांगितला. सुतार म्हातारा होता. पटाशी हातात धरून बसून राहिला.

“वहिनी, भिंत पाडा. उंबरा राहू द्या की.”

“भिंत नाही, दार नाही, आणि मधेच उंबरा? ठेच लागायला?”

“तसं न्हाय. घरातल्या माणसाची सवय असते त्याला.”

“घरातलं माणूस मी एकटी आहे. आणि मला त्याची सवय नाही.”

तो हसला आणि त्याने उंबरा काढला. फरशी बसल्यावर तिथे काही होते याची खूणही उरली नाही.

फाल्गुनात माझा धाकटा भाऊ दत्तू त्याच्या मुलीला घेऊन आला. शरू अकरा महिन्यांची होती. तिची आई दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली होती. दत्तू गिरगावात चाळीत राहतो. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी त्याला स्पष्ट सांगितले होते की पोर चालते झाले की माझ्या पोरांत वाढेल, पण मांडीवरचे मूल मला होणार नाही.

“तेव्हा अक्का, चालायला लागेपर्यंत तुझ्याकडे,” दत्तू म्हणाला. “मग घेऊन जातो.”

“ने की,” मी म्हटले. “मला काय, वाडीची कामं थोडी आहेत?”

पावसाळ्याआधी ती चालती होण्यातली नव्हती, आणि पावसाळ्यात दर्या बंद होतो, रेवसच्या बोटी थांबतात. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत तो येणार नव्हता. पहिले पंधरा दिवस मुलीचे मला ओझेच वाटले. आंघोळ, पेज, दुपटी... रात्री झोपेत ती माझ्या पदराचे टोक मुठीत धरी, ते सोडवून उठावे लागे. पुढे पुढे मी ते सोडवणे बंद केले.

आता एक गोष्ट कबूल करते. जावेच्या मुलांचा पांगुळगाडा आमच्या माळ्यावर होता. तो मी काढला नाही. वर्षाची पोर उभी राहू लागली की आपण तिचे हात धरतो, दोन पावले टाकवतो. मी तेही केले नाही. कडेवर घेई किंवा बसवून ठेवी. मला कसली घाई नव्हती.

श्रावण लागायच्या सुमारास एक दिवस दुपारी मी ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. आमच्याकडे कामाला येणारी पारू भांडी घेऊन आत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली.

“वयनी! लवकर या गो!”

मी गेले. शरू माजघरात चालत होती. डगमगत, पण चालत होती. डावा हात खांद्याइतका वर उचललेला, मूठ वळलेली. चार पावले चालली आणि थांबली. कंटाळून थांबतात तशी नव्हे, वाट पाहत थांबतात तशी. पुन्हा चार पावले. मग कोऱ्या फरशीवर मधेच तिने उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलला, पुढे टाकला, मग डावा. आणि खाली बसली.

“पोर कोनाचा हात धरून चालतंय?” पारू म्हणाली.

“कोणाचा धरणार? तोल सांभाळते. भांडी आण इकडे.”

“तोल दोनी हातांनी सांभालतात, वयनी. मी पाच पोरं वाढवलीत.”

“मग सहाव्याचं मला शिकवू नकोस.”

पारू गेली. मी वर पाहिले. तुळईला जुन्या दाराच्या चौकटीची खाच अजून दिसते. मी सुतळीला खडा बांधून तो खाचेतून खाली सोडला आणि खडूने फरशीवर खूण केली. दुसऱ्या दिवशी शरूने पाय उचलला तो बरोबर खुणेवर. मग खूण पुसून मी तिथे मोठी चटई अंथरली. चटईवरही तिथेच. उलट बाजूने सोडली, तरी तिथेच. मागच्या पडवीत सोडली तर तिला दोन पावलेही धड टाकता येईनात. पडली आणि रडली. तिथे हातही वर गेला नाही.

हात वर जाई त्याचाही मी विचार केला. मूल मोठ्या माणसाचे बोट धरते तेव्हा त्याचा हात सरळ डोक्यावर जातो. हिचा खांद्याच्या वर जात नव्हता. आत्याबाई शेवटी शेवटी कमरेत इतक्या वाकल्या होत्या की त्यांचा हात माझ्या गुडघ्याशी येई.

हे सगळे दुरुस्तीनंतर आलेल्या पोरीला कोणी सांगितले? माझ्याखेरीज ते पाहिलेले माणूस त्या घरात नव्हते, आणि मी तर तिला चालवतच नव्हते.

मला भीती वाटली नाही. राग आला. पुढचे चार दिवस मी तिला कडेवरून खाली ठेवले नाही. स्वयंपाक एका हाताने केला. पारू म्हणाली, “असं करून पोरीचे पाय आखडतील हो.” मी म्हटले, “आखडू देत.” बोलून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले. पारू राख घेऊन विहिरीवर गेली.

त्या दुपारी शरूने रडून आकांत केला. माझ्या कडेवरून माजघराकडे हात करी, अंग टाकून देई. शेवटी मी तिला खाली ठेवले आणि भिंतीला टेकून बसले. तिने डोळे पुसले, डावा हात वर केला आणि निघाली. चार पावले, थांबली. चार पावले. पाय उचलला, पलीकडे गेली. मग मान वर करून हसली. मी तिच्यासमोर बसले होते, पण हसली ती माझ्याकडे पाहून नव्हे.

मी मोठ्याने म्हणाले, “आत्याबाई, ती चालायला लागली की दत्तू तिला नेणार आहे.”

उत्तर मिळेल असे मला वाटले नव्हतेच. बाहेर कौलांचे पाणी पडत होते. शरू तशीच उभी होती, हात वर धरून. बराच वेळ उभी होती. मग तिचा हात हळूहळू खाली आला, आणि ती वळली. एकटी, दोन्ही हात पसरून, सगळी पोरे चालतात तशी हेलकावे खात, कुठेही न थांबता, कुठेही पाय न उचलता ती माझ्यापर्यंत आली आणि माझ्या मांडीवर पडली.

मी तिला गूळखोबरे दिले.

त्यानंतर तिने त्या जागी पाय उचलला नाही. हात वर केला नाही. पौर्णिमा होईपर्यंत वाडीभर धावू लागली. दर्या खुला झाल्यावर दत्तू आला, तर ती बेड्यापर्यंत, वाडीच्या फाटकापर्यंत, त्याला पाहायला गेली आणि त्याला न ओळखून परत माझ्यामागे आली.

“अक्का, काय झपाझप चालते गं! तू शिकवलंस?”

“नाही,” मी म्हटले.

“मग?”

“शिकली.”

चौथ्या दिवशी बैलगाडीने आम्ही रेवसला गेलो. बोटीत बसताना शरू रडली, पण बोट हलल्यावर तिला गंमत वाटली असावी. मी धक्क्यावर फार वेळ थांबले नाही. गाडीवानाला भरतीच्या आधी खाडी ओलांडायची होती.

याला आता पाच वर्षे झाली. शरू शाळेत जाते, दत्तूचे दुसरे लग्न झाले, आणि पोरगी मला पत्राच्या शेवटी आपल्या हाताने “नमस्कार” लिहिते. माजघरात मी रोज वावरते. मला तिथे कधी काही दिसले नाही, ऐकू आले नाही. मुद्दाम बसूनही पाहिले आहे.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, आत्याबाईंचा जीव घुटमळत होता. कोणी म्हणेल, एकट्या बाईच्या मनाचे खेळ. पारूनेही पाहिले होते, एवढे सांगून मी तो वाद सोडून देते. मला न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे. चालते झालेले मूल घरातून जाते, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत होते. साठ वर्षांत त्यांनी शिकवलेले एकही मूल त्यांच्याजवळ राहिले नाही. घरात आम्ही दोघीच होतो, आणि पोर राहावे असे दोघींनाही वाटत असणार. मी सांगितले, तेही त्यांनी ऐकले. तरी त्यांनी बोट सोडले ते तिला चालते करूनच.

का, ते मला अजून समजलेले नाही.