बाळ काही फिरेना

घरात कोणी गरोदर असलं ना, की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. दाराची बेल वाजते आणि किस्सा चप्पल काढून आत येतो.

माझी ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे खोपटला आलेली. सगळं मस्त चाललेलं. मग सोनोग्राफीत कळलं, बाळाचं डोकं वर आणि बूड खाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अजून वेळ आहे, आपणहून फिरेल. नाही फिरलं तर हॉस्पिटलमध्ये पोटावरून हाताने फिरवून बघू. तेही नाही जमलं तर बहुतेक सिझर."

ताई सिझरला जाम टरकते. रक्त तपासायची सुई बघूनसुद्धा ती देवाचं नाव घेते. त्यामुळे घरात एकच विषय. बाळ फिरलं पाहिजे!

*

मॅडमनी ताईला रोज थोडा वेळ हात-गुडघे टेकून वाकायला सांगितलेलं. "फिरेलच असं नाही, पण करून बघ."

आईने हे ऐकलं आणि ताईच्या हातात फडकं दिलं. "आम्ही फरशी पुसायचो. व्यायाम पण होतो, घर पण."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मंदामावशी दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या.

"वहिनी, मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा ना! पोटुशी पोरगी कामाला लावलीत?"

समजूत काढायला आईला एक साडी द्यावी लागली. बाळ होतं तिथेच.

*

जिजू घोडबंदर रोडला राहतात. बाळ आवाजाच्या दिशेने वळतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. रोज संध्याकाळी ट्रॅफिकमधून यायचे आणि ताईच्या ओटीपोटाजवळ तोंड नेऊन सांगायचे, "बाळा, यू-टर्न घे."

काही नाही. जिजू हिरमुसले.

मी म्हटलं, "जिजू, घोडबंदरचं बाळ आहे. यू-टर्न लगेच कुठे मिळतो?"

ताई इतकी हसली की सगळं पोट हललं. जिजूंनी लगेच विचारलं, "फिरलं?"

*

पायाकडून जन्मलेला माणूस म्हणजे पायाळू. त्याने कमरेत लाथ घातली की उसण जाते, असं जुनी माणसं सांगतात. समोरचे नाना कमरेला पट्टा बांधून आले.

"फिरवताय कशाला रे? सोसायटीत एक तरी पायाळू नको?"

"नाना, त्याला लाथ घालता यायला वर्ष-दोन वर्षं जातील."

"मला कुठे घाई आहे? पट्टा आहे तोवर."

आतून ताई ओरडली, "नाना, माझी चालेल का?"

नानांनी खरंच विचार केला. "तू पायाळू आहेस का गं?"

*

शेवटी बाळ आपणहून फिरलंच नाही. ताई हॉस्पिटलमध्ये. मी आणि आई बाहेर, जिजू आत. "मी आहे ना, घाबरायचं काय त्यात?" असं ताईला सांगून गेलेले. पुढचं नंतर ताईकडून आणि नर्सकडून कळलं.

मॅडमनी आधी बाळाचे ठोके बघितले. मग पोटाला जेल लावून दोन्ही हातांनी हळूहळू ढकलायला लागल्या. पोटातला उंचवटा एका बाजूने निघाला आणि सरकत सरकत दुसरीकडे चालला. ताईने डोळे गच्च मिटलेले.

तेवढ्यात धप्प! जिजू फरशीवर. नर्सने शांतपणे त्यांचे पाय उचलून स्टुलावर ठेवले.

ताईने डोळे न उघडताच विचारलं, "मॅडम, काय झालं?"

मॅडम सोनोग्राफीच्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "जमलं! डोकं खाली, पाय वर."

नर्स म्हणाली, "मॅडम, यांचं पण."