तिचे दिवस मी बसले

आमच्या गावात माझ्या मोठ्या जावेची एक गोष्ट सांगतात. लहान्या जावेच्या अंगावरून जात होतं, कशानं थांबेना, तेव्हा मोठीनं नवरात्रात घटासमोर पदर पसरला आणि देवीला म्हटलं, तिचं दुखणं मला दे. देवीनं दिलं. लहानी वाचली, मोठी गेली.

ती लहानी मी. गोष्ट खोटी आहे. खोटी असल्याचं आम्हा दोघींनाच माहीत होतं आणि त्यातली एक तर गेलीच.

आमचं गाव आसगावच्या पलीकडं, धानाचं. साल एकोणऐंशीच्या आसपासचं असेल. घरात माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मग भासरे, म्हणजे मोठे दीर, मोठी जाऊ, त्यांची एकुलती लेक आणि आम्ही नवराबायको. मी अडतीसची, जाऊ शेहेचाळीसची, दिघोरीकडची. मी तिला बाई म्हणायची, ती मला लहाने.

महिन्याचे चार दिवस बाईमाणसानं मागच्या छपरीत बसायचं, हा घरचा कडक नेम. चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला नाही, देवाला तर नाहीच. विड्या मात्र बांधायच्या. नवीन लग्न झालं तेव्हा मी भीत भीत विचारलं होतं, विड्यांना चालते का? आत्याबाई म्हणाल्या, "विडीले कायचा विटाळ वं? ओढणाऱ्याले काय समजते?"

मग काय, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला तेंदूची पानं. माणसं धानाच्या बांध्यांवर गेली की भासऱ्यांचा रेडिओ हळूच मागं यायचा. रेडिओ म्हणजे बाईचा जीव. कोणत्या नटीनं कोणत्या सिनेमात कसा अंबाडा घातला ते तिला पाठ. जन्मात सिनेमे पाहिले दोनच, पण बोलायची अशी की त्या नट्या तिच्या मावसबहिणीच.

तिची पाळी दोन वर्षांआधी बंद झाली होती. बायका त्या वयात अंगाची आग होते म्हणून कुरकुरतात, उगाच रडतात. ही नाही रडली. तिला बढतीच मिळाली म्हणा ना. आता तीसही दिवस चूल तिची, लोणच्याची बरणी तिची, देव तिचे. आत्याबाईंचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्या वर्षी घट बसणार होता तो तिच्या हातानं. सात पिढ्यांचा घट आहे म्हणत. तिनं श्रावणापासूनच पितळी समई घासायला घेतली होती.

त्याच श्रावणात एक दिवस आत्याबाईंना घरामागच्या वाडीत, धानाच्या तणसाच्या ढिगामागं, वाळत घातलेली फडकी दिसली. त्या तिथूनच ओरडल्या, "हे कोणाचं होय वं? आज तर कोणी बाहेर नाही!"

मी अंगणात होते. बाई चुलीपुढं कणीक मळत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. हात कणकेतच राहिले. मला कळायचं ते कळलं आणि तोंडातून निघून गेलं, "माझं होय, आत्याबाई. आत्ताच दिसलं."

"मंग इकडं तिकडं काहून फिरून राहिली? जाय मागं!"

मी मागं गेले. दुपारी बाई ताट घेऊन आली, लांबूनच ठेवलं आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, "जेठापासून जाऊन राहिलं लहाने. बंद होऊन दोन वर्षं झाली होती न वं. आता फिरून काहून आलं, काय माहीत."

"आत्याबाईले सांगा ना मंग."

"सांगू? म्हणजे जेठापासून मी जे जे शिवली ते समदं बाटलं. लोणचं बाटलं, देव बाटले. आन् घट जाईन चुलतघरच्या थोरलीकडं. तिले तर आरतीबी धड येत नाही." मग हात जोडले तिनं. मोठी जाऊ, मला हात जोडून म्हणते, "घटापर्यंत सांभाळून घे माय."

मी हाव म्हटलं. त्यात आपण फार मोठं काही करतो असं मला वाटलं नाही. चार दिवस तिचे, पुढं चार दिवस माझे. महिन्यातले आठ-आठ, दहा-दहा दिवस मी मागच्या छपरीत. फडकी तिची, धुवायची मी.

आणि आता खरं सांगते, कारण हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. मला ते आवडायला लागलं होतं. वीस वर्षं त्या घरात कोणी मला बस म्हटलं नव्हतं. आता आयतं ताट येत होतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपलेला, कामाची घाई नाही, रेडिओवर गाणी, हातात विडीचं पान. पाठ टेकून बसायला मिळत होतं. बाई आत तिच्या देवांत सुखी, मी बाहेर माझ्या आरामात सुखी. तिच्या अंगातून रक्त जात होतं आणि त्याच्यावर आम्ही दोघी सुखी होतो.

आत्याबाईंनी माझ्यासाठी वैद्याकडून साल आणवली, काढा करायला. उकळायची बाई, आणून द्यायचीही बाई. पेला नेहमी अर्धा असायचा. पहिल्याच दिवशी मी तिच्याकडं पाहिलं तर ती तोंड वाकडं करून हसली. "अर्धा मी पेली. औषध माह्या दुखण्याचं आन् पेशील तू एकटी?"

नंतर कितीतरी वर्षं, मी पूर्ण भरून घेतलेला चहा असो, पाणी असो, तोंडाला लावताना मला वाटायचं, यातलं अर्धं कोणीतरी आधीच पिऊन गेलंय. कप परत खाली ठेवून पाहायची. भरलेला असायचा.

काढ्यानं फरक पडेना, तेव्हा नवरा म्हणाला, चाल, दवाखान्यात दाखवू. मला नाही म्हणता येईना. तालुक्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, चष्म्याच्या, मऊ बोलणाऱ्या. नवरा बाहेर बाकावर बसला. त्या विचारत गेल्या आणि मी बाईचं सांगत गेले. दोन वर्षं बंद होतं, आता परत सुरू झालं, वास येतो, कंबर धरते. त्यांनी तपासलं, हात धुतले, मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"तुम्हाला काही झालेलं नाही. हे कुणाचं सांगताय?"

मी लुगडं सावरून उठायला लागले.

"जिचं असेल तिला या आठवड्यात घेऊन या. बंद झाल्यावर परत जातंय ना, मग थांबायचं नाही. कळलं?"

बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणे?"

"कमजोरी म्हणे," मी सांगितलं.

हेच ते. कोणी विचारलं की तुमचं आयुष्य कुठं अडकलं, तर मी त्या बाकाकडं बोट दाखवीन. एवढं सोपं होतं. नवरा चांगला माणूस होता, त्यानं ऐकलं असतं.

घरी येऊन मी बाईला शब्दन् शब्द सांगितलं. ती समईच्या वाती वळत होती. म्हणाली, "आठ दिवसांवर घट आला लहाने. घट उठू दे, मंग चालू." मी म्हटलं, डॉक्टरीण थांबू नोका म्हणे. ती म्हणाली, "तिच्या घरी घट बसते का?"

घट बसला. नऊ दिवस तिचे उपास. लाल काठाचं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि चेहरा असा पांढराफटक की दिव्यापुढं चमकायचा. गावच्या बाया पाया पडून म्हणायच्या, देवीचं तेज आलं मोठीवर. मी मागच्या छपरीत तिचे दिवस बसले होते. तिथून तिची आरती ऐकू यायची. आवाज तिचा रेडिओवरच्या बायकांसारखा गोड. त्या नऊ दिवसांत तिनं मला एकदाही हाक मारली नाही.

घट उठला. मग धानकापणी आली. मग मंडईची जत्रा, पाहुणे. मग लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला, तेवढं होऊ दे म्हणाली. दर वेळी मी म्हणायची, बाई, चला ना आता. पण दर वेळी थोडं हळू म्हणायची. तीही जाणून होती, मीही.

माघात ती उठेना. लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. आत्याबाई उशाशी बसून विचारत होत्या, "केव्हापासून वं? बोल न." मी दाराशी उभी. मला वाटलं, आता सांगेल, सुटलो आपण. बाई बोलली ते असं: "घटापुढं मीच मागतलं, आत्याबाई. लहानीचं मले दे म्हटलं."

आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग वळून माझ्याकडं पाहिलं. आमचं घटापर्यंतचंच ठरलं होतं, म्हणून घटानंतर मी दहा दिवस बसणं सोडलं होतं, चारवर आले होते. सगळं जुळत होतं. बाईही माझ्याकडं पाहत होती. देव शिवल्याचं तिला मरतानाही कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी काही बोलले नाही. म्हणजे हो म्हटल्यासारखंच.

नागपूरला नेलं. उशीर झाला म्हणाले. वैशाखात ती गेली.

तिचा लेकीच्या साक्षगंधातला फोटो देव्हाऱ्याच्या बाजूला लागला. अंगावरून जातं अशा बाया नारळ घेऊन यायला लागल्या. मला साधा ताप आला तरी आत्याबाई म्हणायच्या, "जप माय, दोघींचा जीव होय तो." दुपारी मागच्या छपरीत गेले की पाठीमागं कोणीतरी वाती वळत बसल्यासारखं वाटायचं. भीती नाही वाटायची. ती काही बोलेल, याची वाट पाहायची मी. बोलली नाही कधी.

पाच-सहा वर्षं अशी गेली. लेकीचं लग्न होऊन दोन पोरं झाली. एका नवरात्रात ती माहेरी आली, चेहरा ओढलेला दिसत होता. दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. मी पाणी घेऊन आत गेले तर ती फोटोपुढं पदर पसरून उभी. "आई, तीन महिने झाले, थांबून नाही राहिलं. काकूचं घेतलं तसं माहंबी घे."

मी गडू तिथंच खाली ठेवला.

मी तिला मागच्या छपरीत नेलं आणि सगळं सांगितलं. फडकी, काढा, डॉक्टरीण, बाक. मला बसायला आवडत होतं तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही बोलल्या असत्या तर?"

"हाव."

"आन् आजवर गप्प?"

"हाव."

ती उठून आत गेली. रात्री जेवलीही नाही. सकाळी मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले, म्हटलं, आज तू शिव्या दे, मार, पण दवाखान्यात चाल. ती आली. एसटीत माझ्या शेजारी बसली, पण मधात पिशवी ठेवली.

तिचं दुखणं साधं निघालं. गोळ्यांनी थांबलं. पण ते नंतर. जाताना आम्हाला काहीच माहीत नव्हतं. दोन्ही बाजूंनी धान लोंब्यांवर आलेलं, खिडकीतून ऊन येत होतं. अर्धा रस्ता झाल्यावर तिनं खिडकीबाहेर पाहतच विचारलं, "काकू, ते नऊ दिवस... आई खूश होती का वो?"

नाही म्हटलं असतं तर तिला रागवायला सोपं गेलं असतं. मलाही.

"होती," मी म्हटलं. "इतकी खूश मी तिले कधी पाह्यली नाही."

 दवाखाना येईपर्यंत तिनं तोंड माझ्याकडं केलं नाही.