दुसऱ्या डोळ्याचा नियम

माझी नजर चांगली आहे, हे मी स्वतःच सांगून टाकते. दुसरं कोणी म्हणेल याची वाट पाहत बसले तर मोतीबिंदू व्हायचा. तीस वर्षं मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. काचपट्टीवर मलेरिया आहे म्हटलं की आहे, नाही म्हटलं की नाही. मोठमोठे डॉक्टर यायचे, "बाई, पुन्हा एकदा बघता का?" म्हणायचे. मी बघायचे आणि तेच उत्तर द्यायचे. त्याच्याही आधी, माझा बाप मागावर बसायचा तेव्हा ताण्यातला तुटका धागा त्याच्याआधी मी दाखवायचे. तो कौतुक करायचा नाही, नुसतं 'हूं' म्हणायचा. तेवढं मला दिवसभर पुरायचं.

तर आमच्या पक्षी पाहणाऱ्या चौघांच्या टोळीत नोंदवही माझ्याकडे आली, यात नवल काहीच नाही.

चौघांत एक मी. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब. ते मॅनेजर कधीच नव्हते, पण हाक मारली की ओ देतात. तिसऱ्या, धरमपेठेत साडीचं दुकान चालवणाऱ्या ताई. आणि सगळ्यात मोठे मिस्त्रीकाका, कामठीचे, जन्मभर पॉवरलूम दुरुस्त करत आलेले. मी हातमागाच्या घरातली, ते यंत्रमागाचे, त्यामुळे ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत आमचं पहिलं भांडण झालं.

"तुमच्या मशिनीनं माझ्या बापाचा माग बंद पाडला," मी म्हटलं.

"मंग त्याच मशिनीची साडी काहून नेसून आली वं?" ते म्हणाले.

नेसले होते खरंच. तिथून मी त्यांची चेली झाले. दुर्बीण कशी धरायची, आधी नुसत्या डोळ्यानं जागा हेरायची आणि मग मान न हलवता दुर्बीण वर आणायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. मी चुकले की म्हणायचे, "दवाखान्यात जंतू पळत नव्हते वाटते तुये."

आमची जागा उमरेड रोडवरचा एक तलाव. शहरातून तासाभराची वाट. तलावाच्या मधोमध बेट आहे, पळसाची पाचपंचवीस झाडं आणि शेंदूर फासलेला एक दगड, बाकी गवत. रविवारी उजाडता उजाडता तिथला मासेमार आपल्या डोंग्यातून आम्हाला बेटावर सोडतो आणि जाळी ओढून झाली की परत न्यायला येतो. बेटाच्या पलीकडच्या टोकाला पाणी उथळ आहे, तिथे गाळ उघडा पडतो आणि त्या गाळावर हिवाळ्याचे पाहुणे उतरतात. सप्टेंबर सरता सरता शेपटी नाचवत धोबी येतो. मग चक्रवाक, मग थापट्या, तलवार बदकं. आणि सगळ्यांत मानाचे म्हणजे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येणारे. आम्ही त्यांना पट्टेवाले म्हणतो. ते आले की आमच्या लेखी हिवाळा लागला, मग अंगात स्वेटर असो नसो.

वहीचा नियम एकच, आणि तो मिस्त्रीकाकांनीच घातलेला. एकट्याला दिसलेला पक्षी वहीत जात नाही. दुसऱ्या कोणीतरी "दिसला" म्हणायला पाहिजे. याला आम्ही दुसरा डोळा म्हणतो. पट्टेवाल्यांची पहिली नोंद बहुतेक वर्षं मिस्त्रीकाकांची असायची. आम्ही बेटावर पांगलेले असायचो. ते "आले!" म्हणायचे, त्यांच्याजवळ जो असेल तो दुसरा डोळा म्हणून "दिसले" म्हणायचा, आणि मी लिहायचे. या वहीत खोटी ओळ एक नाही, असं मी नात्यागोत्यात, शेजारीपाजारी, लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत आले होते.

ते खोटं होतं. आणि खोटी ओळ घालणारी मीच होते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरची सुरुवात, पट्टेवाल्यांना अजून पुष्कळ अवकाश. मिस्त्रीकाका बेटाच्या टोकाशी उभे राहून एकदम म्हणाले, "आले! ते पाय, गाळावर!" मी पाहिलं. गाळाच्या कडेला मासेमारांच्या जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगत होते. बाकी काही नाही. मी हसून त्यांच्याकडे वळले, आता यांची चांगली खेचायची म्हणून, आणि थबकले. त्यांनी डोळ्याला लावलेल्या दुर्बिणीच्या दोन्ही भिंगांवर टोपणं तशीच होती. ते कुठेच पाहत नव्हते. आधी नुसत्या डोळ्यानं काहीतरी पांढुरकं त्यांना जाणवलं असेल, बाकीचं त्यांनी मनानं पाहिलं होतं.

काचबिंदू आहे, असं त्यांच्या सुनेनं मला मागे एकदा सांगितलं होतं. थेंब घालतात, म्हणाली. एवढं झालं असेल हे मला ठाऊक नव्हतं.

"दुसरा डोळा कोन?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की काय सांगू!

"दिसले," मी म्हटलं.

आणि लिहिलं. पट्टकादंब, सात. थर्माकोलचे तुकडे मोजून लिहिलं हो मी! सवय जाते का माणसाची. खरे पट्टेवाले पुढे तीन आठवड्यांनी आले, पण पहिली नोंद होऊन गेलेली, म्हणून नुसतं 'पुन्हा दिसले' एवढंच लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी वही कपाटात ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. एकदाच तर केलं, असं मनाला सांगत राहिले.

यंदा ऑक्टोबरात एका रविवारी मिस्त्रीकाका आले नाहीत, डॉक्टरकडे तारीख होती. आम्ही तिघं परत येताना रस्त्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खात उभे होतो. बाजूला एक कॉलेजातली मुलगी कॅमेरा घेऊन उभी, तिला मी नेहमीचं सुनावलं, आमच्या वहीत खोटी ओळ एक नाही म्हणून. मॅनेजरसाहेबांना ठसका लागला. तर्रीचा असेल म्हणून मी पाणी दिलं. ती मुलगी गेल्यावर ते म्हणाले, "बाई, एक बोलू? मागच्या वर्षीचे ते नऊ पट्टेवाले... मले नव्हते दिसले."

"अव माय!" दुकानवाल्या ताई म्हणाल्या. "आणि चक्रवाकाची जोडी मी पाहिली म्हणून सांगितली, तीबी नव्हती."

प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच केलं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला, एकदाच. बाकीच्यांचे डोळे खरे आहेत म्हणजे वही सांभाळलेली आहे. दुसऱ्या डोळ्याचा नियम केला होता चुका पकडायला, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याच नियमानं चुका पक्क्या केल्या होत्या. तेव्हा मीही माझे सात सांगून टाकले.

"जाऊ द्या आता," ताई म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन-तीन ओळींनी कोणाचं काय बिघडते?"

"मी सांगणार त्यांना," मी म्हटलं.

"काहून पण?" मॅनेजरसाहेब चिडले. "तुमची वही साफ राहावी म्हणून? रविवार सोडला तर काय आहे त्या माणसाजवळ? उद्यापासून यायचे बंद झाले तर तुमी जबाबदार!"

हे मात्र लागलं मला. कारण वहीसाठी म्हणून थोडं होतंच, खोटं कशाला बोलू. पण तेवढंच नव्हतं. तीस वर्षं मी लोकांच्या हातात कागद दिले. काही कागद वाचून लोक तिथल्या बाकड्यावरच बसून जायचे. तरी एकालाही मी बरं वाटावं म्हणून चुकीचा कागद दिला नाही. आणि ज्या माणसानं मला पाहायला शिकवलं, त्याला आम्ही लहान लेकराला खेळवतात तसं दोन वर्षं खेळवत होतो. मला ते सहन होईना. मी पोह्याची प्लेट तशीच टाकून गाडीत जाऊन बसले.

नोव्हेंबरात मिस्त्रीकाकांचा फोन आला. "उद्या येतीन बरं पट्टेवाले. मले आतूनच वाटून राह्यलं."

सकाळी डोंग्यातून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. हल्ली धरायचे, आणि चिखल आहे म्हणायचे. बेटाच्या टोकाशी गेलो. धुकं विरळ झालं होतं. मॅनेजरसाहेब माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते, ताई पदराशी चाळा करत होत्या. मिस्त्रीकाकांनी दुर्बीण लावली. टोपणं आज काढलेली होती, कदाचित सुनेनं काढून दिली असतील. पाच मिनिटं गेली.

"आले!" ते म्हणाले. "पाच-सहा हायेत. दुसरा डोळा कोन?"

मॅनेजरसाहेबांनी तोंड उघडलं, मी हात वर करून त्यांना थांबवलं.

"मिस्त्रीकाका," मी म्हटलं, "मला नाही दिसले."

"नीट पाय."

"नीटच पाहिलं. नाहीत. ते जाळ्याचे थर्माकोल आहेत." आणि मग थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. माझे सात, मॅनेजरसाहेबांचे नऊ, ताईंची चक्रवाकाची जोडी. टोपणं लावलेली दुर्बीणसुद्धा.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्या जरा डावीकडे पाहत म्हणाले, "तू वं? बाकीचे ठीक हाय. पण तू?"

"हो. पहिली मीच."

"भीक घातली काय मले?" आवाज चढला तशा गवतातल्या दोन टिटव्या ओरडत उठल्या. "मी मांगली होती काय? दोन वर्षं मी घरी जाऊन सुनेले सांगतो, नातवाले सांगतो, आज माया डोळ्यानं पाह्यले म्हून! डॉक्टरले सांगतलं मी! तो म्हने बाबा दिसत नसन, अन् मी म्हनलं, नाई कसं दिसत, आमच्या बाईनं लिहून घेतलं न वहीत!"

हे मला माहीत नव्हतं. वही त्यांनी डॉक्टरपुढे साक्षीला काढली होती, आणि साक्ष माझी होती. मी तिथेच ओल्या गवतात बसले आणि रडले. ताई पुढे आल्या, त्यांना त्यांनी हातानंच दूर राहायला सांगितलं.

मासेमार दूरवर जाळं ओढत होता, त्याचं वल्हं डोंग्याला लागायचं तेवढा आवाज. शेवटी मिस्त्रीकाका चाचपत माझ्याजवळ येऊन बसले.

"वही काढ," ते म्हणाले. "कोन्त्या ओळी हायेत, बोट ठेव माया."

मी त्यांचं बोट धरून सातवर ठेवलं. त्यांनी पेन मागितला आणि बोटाच्या आधारानं ओळीवर रेघ मारली. रेघ थोडी खाली घसरली, पण मारली. मग नऊवर. मग चक्रवाकावर. तिन्ही ठिकाणी सही केली, मोठी, कारखान्याच्या रजिस्टरवर करायचे तशी. मला वाटलं, आता म्हणतील, डोंगा बोलव, मी चाललो. मॅनेजरसाहेबांनाही तेच वाटलं असावं, ते आधीच काठाकडे वळले होते.

"आता सांग," मिस्त्रीकाका म्हणाले. "समोर काय हाय?"

मी डोळे पुसले. आधी नुसत्या डोळ्यानं पाहिलं, मग मान न हलवता दुर्बीण वर आणली.

"पाणी आहे. गाळ उघडा पडलाय, मागच्या रविवारपेक्षा हातभर जास्त. थर्माकोल पाच. एक सहावा अर्धा तुटलेला."

"पट्टेवाले?"

"एकही नाही."

"बदकं?"

"नाहीत. एक राखी बगळा आहे फक्त. एका पायावर उभा. काही करून नाही राहिला."

ते समोर तोंड करून बसले होते. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला.

"हां," ते म्हणाले. "आता दिसून राह्यला मले तलाव. दोन वर्षं तुमी काईच दावलं नवतं." मग माझ्या हातावर थापटी मारली, जरा जोरातच. "पुढं सांग वं. बगळ्याच्या उजवीकडे काय हाय?"