झाकण पडणाऱ्या डब्याचं पान

"आजोबा, एवढी बारा पानं काढून द्या. कोपऱ्यात फुली मारलीय तीच."

गुरुवारी दुपारी जान्हवीने वही काउंटरवर ठेवली. डिझाइनच्या कॉलेजातली मुलगी, शेवटचं वर्ष. वही मीच शिवलेली. नारायण पेठेत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, पण पन्नास वर्षं शिकलेल्यांची पुस्तकं शिवतोय.

"का काढायची?"

"घाण आलीयेत. सोमवारी ज्यूरी आहे."

ज्यूरी म्हणजे त्यांची परीक्षा. मास्तर समोर बसतात, मुलं आपलं काम मांडतात. हिचं काम होतं दळणाचा डबा. स्कूटीवरून नेताना गुडघ्यांत धरावा लागू नये असा. शेवटचं चित्र फक्कड होतं. आधीची बारा खरोखरच वाईट. एकात तर कडी झाकणालाच. डबा उचलला की झाकण हातात आणि पीठ रस्त्यावर.

"नाही काढणार," मी म्हटलं.

कारण सांगतो. शिवलेल्या वहीत पान सुटं नसतं. मोठा कागद मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात, आणि दुमडीतून दोरा जातो. असे सात-आठ कागद एकात एक घातले की त्याला आम्ही फर्मा म्हणतो. त्यातलं पुढचं पान काढलं की मागचं त्याचं जोडीदार पान सुटतं.

"घाण पानाचं जोडीदार तुझं चांगलं पान आहे. तेही जाईल."

"मग थोडी पट्टी ठेवून कापा ना. यूट्यूबवर दाखवतात."

"मग यूट्यूबकडूनच कापून घे."

दुमडीजवळ पट्टी ठेवून कापलं तर जोडीदार पान सुटत नाही, हे मला माहीत होतं. पण कापायचं नाही म्हणजे नाही. ती वही उचलून निघून गेली.

या मुलांची खोड मी पुष्कळ पाहिलीय. महागाच्या जाड कागदाची वही घेतात, पहिल्या पानावर सुंदर नाव घालतात, आणि खराब होईल म्हणून पुढे हात लावत नाहीत. सहा महिन्यांनी कोरी वही घेऊन येतात, म्हणे काही सुचत नाही. म्हणून मी साधा पिवळट कागद घालतो. जान्हवीला सांगितलं होतं, रोज एक पान भर. वाईट तर वाईट. फाडायचं मात्र नाही. अर्धं ऐकलं तिने.

शनिवारी सकाळी ती परत आली. वही प्लास्टिकच्या पिशवीत, पानं सुटी झालेली. सुधाकरने अगदी शिलाईलगत कटर मारला होता. सुधाकर पलीकडच्या गल्लीतला. काम माझ्याकडेच शिकला, मग मशीन आणून गोंदाने पुस्तकं चिकटवायला लागला. नऊ वर्षं मी त्याची पायरी चढलो नव्हतो.

"काल सरांना शेवटचं चित्र दाखवलं," जान्हवी म्हणाली. "ते म्हणाले, हे नेटवरून उचललंय. कसं सुचलं ते दाखव, नाहीतर ज्यूरीला बसू देणार नाही."

"मग दाखव की."

"ती पानं त्या काकांच्या रद्दीत गेली. पोतं उपसायला वेळ नाही म्हणाले."

शनिवारी दुपारी रद्दीवाला येतो. टोपी घातली आणि तिला घेऊन निघालो.

"या अण्णा! वाट चुकलात?" सुधाकर म्हणाला.

"रद्दीचं पोतं दे."

"धंदा बदलला वाटतं?"

"शिवलेल्या वहीला शिलाईलगत कटर लावतात होय रे? हेच शिकवलं होतं तुला?"

त्याने पोतं जमिनीवर ओतलं आणि स्वतःही खाली बसला. लग्नपत्रिकांच्या कातरणांतून आम्ही तिघांनी पानं वेचली. अकरा मिळाली. बारावं काही सापडलं नाही. झाकण पडणारं पान सुधाकरच्याच हाती लागलं.

"अहो, ही कडी झाकणावरून काढून डब्याच्या अंगाला घेतली की झालं!"

"तेच केलंय मी पुढच्या पानावर," जान्हवी म्हणाली.

दुकानात येऊन प्रत्येक सुट्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावली, जोडीदाराशी जोडलं, वाळवलं आणि वही नव्याने शिवली. पानांचा क्रम तिने न अडखळता सांगितला. उचललेलं चित्र असतं तर सांगता आला नसता.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"पास झाले, आजोबा! सरांनी सगळा वेळ झाकणाच्या पानावरच प्रश्न विचारले. शेवटी सॉरी म्हणाले."

"आणि बारावं पान?"

"तेही विचारलं, मधे एक पान कमी दिसलं त्यांना. दाखवता नाही आलं."

पावतीपुस्तकांवर नंबर मारायचं मशीन माझ्याकडे पडून होतं. आता डिझाइनच्या मुलांना वही देताना प्रत्येक पानावर नंबर मारूनच देतो. फाडलं की मास्तरला दिसतं. मुलं कुरकुरतात. मी सांगतो, वाईट पानाने वही सुटत नाही, फाडल्याने सुटते. पटत नसेल तर सुधाकरकडे जा.

तिथेही आता वही नंबर मारूनच मिळते. मशीन माझंच नेतो तो. परत आणताना तेल घालून आणत नाही, एवढीच तक्रार आहे.